जुनी पिकअप: ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, फ्यूज मधेच उडतो. सुरुवात कुठून करावी?

वाढेवाला_कराड

गाडी २००८ ची डिझेल पिकअप, पासिंग एमएच-५०. हौदा बाहेरून बांधून घेतलेला. माल म्हणजे खताची पोती, वाढं (उसाचे शेंडे), सीझनला भाजीपाला. फिटनेसची तारीख जवळ आली आहे, त्याआधी लाइटचं काम उरकायचंय. तक्रारी अशा:

१) ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर बारीक पेटतो. नंबर प्लेटची लाइटही किंचित लागते.
२) डावा इंडिकेटर उजव्याच्या दुप्पट वेगात मारतो. बल्ब मात्र सगळे चालू आहेत.
३) पार्किंगचा १० अँपिअरचा फ्यूज खराब रस्त्याला उडतो. नवा टाकला की परत काही दिवस शांत.
४) हेडलाइट पिवळट. बल्ब नवे, काचा स्वच्छ.

वायरमनचं म्हणणं, मागची सगळी वायरिंग बदला आणि कॉम्बिनेशन स्विचही (स्टिअरिंगखालचा लाइट-इंडिकेटरचा) नवा टाका. एवढा खर्च करायच्या आधी घरी तपासून बघायचं आहे. मल्टिमीटर आहे, वापरता येतो. कुठून हात घालू?

मिरज_जंक्शन

अर्थिंग.

दुरून_डोंगर

वरचा प्रतिसाद फ्रेम करून गॅरेजात लावा. खाली उदबत्ती.

ओहमचा_भाचा

मिरजकरांनी एका शब्दात उरकलं, पण बरोबर आहे. निदान पहिल्या दोन तक्रारींपुरतं तरी. कारण सांगतो, म्हणजे पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल.

मागच्या डाव्या दिव्यात ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर असे तिघे एकाच अर्थ वायरवर (करंट चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी) असतात. ती वायर धड असेल तर ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून जाऊन सरळ चेसिसला उतरतो. ती गंजली की करंट दुसरी वाट धरतो: इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरून, इंडिकेटरच्याच वायरने पुढे जाऊन, पुढच्या डाव्या इंडिकेटरमधून अर्थला. म्हणून ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणतो. अंधारात कुणाला तरी ब्रेक दाबायला लावा आणि पुढचा डावा इंडिकेटर बघा. तोही अगदी लालसर, निखाऱ्यासारखा दिसला पाहिजे. दिसला तर स्विचचा काही संबंध नाही.

नंबर प्लेटची लाइट लागते याचा अर्थ तिची अर्थही त्याच डाव्या दिव्याला जोडलेली आहे. ती स्वतंत्र चेसिसवर असती तर लागली नसती.

दुसरी तक्रार यातूनच निघते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) करंट मोजतो. अर्थ खराब झाल्याने मागच्या बल्बचा करंट पुरेसा घटला की फ्लॅशरला वाटतं एक बल्ब गेला, आणि तो वेग वाढवतो. एरवी मिनिटाला ६० ते १२० वेळा लागणं नियमात बसतं.

चिमटा_आणि_पक्कड

भाचेसाहेब, एक पुस्ती. जुन्या गाडीत पत्र्याच्या डबीचा, आत तापपट्टी असलेला फ्लॅशर असेल तर उलटं होतं. करंट कमी झाला की तो संथ होतो किंवा एकदा लागून तसाच राहतो. २००८ च्या गाडीत बहुतेक इलेक्ट्रॉनिक असेल, पण मधे कुणी काय बसवलंय कुणास ठाऊक. आवाज ऐका. टक-टक कडक आली तर रिलेवाला.

आणि वाढेवाले, आधी बल्ब उपसून बघा. डबल फिलामेंटच्या बल्बला (२१/५ वॅट) दोन्ही बाजूंच्या पिना एका उंचीवर नसतात. सिंगल फिलामेंटच्या बल्बला एका उंचीवर असतात. रात्री-बेरात्री कुणी सिंगलचा बल्ब डबलच्या होल्डरमध्ये पक्कडीने पिळून बसवला, की तळाचे दोन्ही ठिपके एकमेकांना जोडले जातात. मग ब्रेक दाबला की पार्किंग लागतं आणि डॅशबोर्डही उजळतो. होल्डर ढिला झाला असेल तर बरोबर बल्बही उलटा बसतो. अर्थच्या मागे धावण्याआधी हे बघायला दोन मिनिटं लागतात.

तारतम्य

पक्कड यांच्याशी सहमत, बल्ब आधी. त्यानंतर मीटर. बरेच जण इथे मीटर ओहमवर लावून अर्थ तपासतात, आणि मीटर 'ठीक आहे' म्हणतं. ओहमवर मीटर अगदी थोडा करंट सोडतं. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तेवढा करंट मजेत जातो. त्यामुळे तपासणी लोडवर करा, म्हणजे दिवा लागलेला असताना व्होल्ट मोजा.

मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी काडी थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. काडी पोचणार नाही, म्हणून पाच-सहा मीटर वायरला दोन क्रोकोडाइल क्लिपा लावून घ्या. लाल काडी मागच्या डाव्या होल्डरच्या धातूच्या भांड्यावर. आता ब्रेक दाबा. एकटे असाल तर सीट आणि पेडल यांच्यात एक काठी अडकवा.

०.१ ते ०.२ व्होल्ट आले तर अर्थ चांगली. १ व्होल्टच्या वर काहीही आलं की अर्थ खराब. मग काळी काडी तिथेच ठेवून लाल काडी टप्प्याटप्प्याने पुढे न्या: होल्डर, कपलरची (वायरींच्या प्लगची) काळी वायर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), बोल्ट, हौद्याचा पत्रा, चेसिस, इंजिन. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा धाडकन पडतो, बिघाड त्यांच्या मधे. अंदाजाला जागाच उरत नाही.

हेच पॉझिटिव्ह बाजूला. लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी होल्डरच्या तळाच्या ठिपक्यावर, बल्ब जागेवर ठेवून. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं.

बेदाणा_एक्स्प्रेस

मीटर नसलेल्यांसाठी: २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी डाग (सोल्डर) देऊन टेस्ट लॅम्प करा. दहा-वीस रुपयांचा निऑन टेस्टर १२ व्होल्टवर काही कामाचा नाही, तो घरातल्या बोर्डासाठी. एलईडीचा टेस्टरही फसवतो, तो कमकुवत वायरवरही झगझगीत लागतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तो खोटं बोलत नाही.

पण हा बल्बवाला टेस्टर एअरबॅगच्या किंवा इंजिन कंट्रोलच्या वायरींना लावायचा नाही. जुन्या पिकअपच्या मागच्या दिव्यांना बिनधास्त.

शांत_कृष्णा

हौदा बाहेरून बांधलेला आहे हे कुणी धरलं नाही अजून. तासगाव-विटा-कराड, कुठलाही बॉडीवाला घ्या: चेसिस आणि हौदा यांच्या मधे लाकडी पट्ट्या किंवा रबर टाकतो आणि यू-बोल्टने आवळतो. म्हणजे हौदा चेसिसपासून जवळजवळ सुटा. वर रंगाचे दोन हात. आणि मागच्या दिव्यांची अर्थ हौद्याच्या पत्र्याला सेल्फ टॅपिंग स्क्रूने ठोकलेली. नवीन असताना यू-बोल्टमधून चालतं. गंज चढला की संपलं. तारतम्य यांची चाचणी करताना हौद्याच्या पत्र्यापासून चेसिसपर्यंतचा टप्पा नीट बघा.

दुरून_डोंगर

वाढ्याच्या मोळ्या मागे एवढ्या लोंबतात की लाइट लागली काय न लागली काय, दिसते कुणाला! आधी वाढं कापा, मग अर्थ शोधा.

तारतम्य

विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. गाळप सुरू झालं की रात्री रस्त्यावर निम्म्या गाड्यांचे मागचे दिवे पाचटाआड असतात. माल मागे लोंबत असेल तर दिवा झाकला जाणार नाही असाच बांधायला हवा. रिफ्लेक्टिव्ह टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, एआयएस-०९० या मानकाची खूण असलेली. ही टेप दिव्याच्या बदल्यात चालत नाही, दोन्ही लागतात.

वाढेवाला_कराड

सगळ्यांचे आभार. बल्ब बरोबर आहेत, डबलच्या जागी डबलच. पुढचा डावा इंडिकेटर अंधारात खरंच लालसर दिसतो.

आकडे, ब्रेक दाबून, बॅटरी निगेटिव्हच्या हिशेबाने:

डावा होल्डर: ६.२
कपलरची काळी वायर: ६.१
लग आणि बोल्ट: ६.०
हौद्याचा पत्रा: ५.९
चेसिस: ०.१

उजवा होल्डर ०.१५. उजव्या दिव्याची अर्थ कुणीतरी आधीच वेगळ्या वायरने चेसिसला नेलेली दिसते.

मिरज_जंक्शन

शांत_कृष्णा यांना एक चहा.

ओहमचा_भाचा

क्या बात! ५.९ वरून ०.१. हौदा आणि चेसिस यांच्यातच सगळा खेळ. होल्डर, कपलर, स्विच, सगळे निर्दोष सुटले.

आता हौद्याचे यू-बोल्ट घासत बसू नका, ते परत गंजणार. डाव्या दिव्याच्या काळ्या वायरपासून २.५ चौ. मिमीची तांब्याची वायर थेट चेसिसला न्या. चेसिसवर जागा निवडताना सायलेन्सरपासून लांब आणि चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात न येणारी. भोकाभोवतीचा रंग सँडपेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. रिंग लग, दातेरी वॉशर, ८ मिमीचा बोल्ट, मागून नट. आवळल्यावर वरून रंग किंवा ग्रीस. आधी ग्रीस आणि मग लग असं करू नका, संपर्क धातूचा धातूला व्हायला हवा. नंबर प्लेटची अर्थही तिथेच आणा.

सेल्फ टॅपिंग स्क्रू अर्थसाठी अजिबात नको. पत्र्यात त्याला दोन आटे जेमतेम मिळतात, कंपाने ढिला होतो.

चिमटा_आणि_पक्कड

आणि जोड डाग देऊनच. पिळून टेप गुंडाळलेला जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याची बेगमी.

तारतम्य

इथे मात्र असहमत. गाडीत डागापेक्षा क्रिम्प (धातूची स्लीव्ह दाबून केलेला जोड) चांगला. डाग दिला की कथील तारांमधून आत शोषलं जातं आणि तेवढा भाग कडक होतो. जिथे कडक भाग संपून मऊ वायर सुरू होते, नेमकी तिथे कंपाने वायर तुटते. वरून शाबूत, आत तुटलेली. योग्य मापाची स्लीव्ह, खऱ्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबलेली, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक. ओढून बघायचं, सुटलं तर परत.

चिमटा_आणि_पक्कड

ताई, तुमच्या खऱ्या क्रिम्पिंग पक्कडीची किंमत बघितलीत का? लोक साध्या पक्कडीने चेपतात आणि त्याला क्रिम्प म्हणतात. त्यापेक्षा चांगला डाग शंभरपट बरा. डागाच्या दोन्ही बाजूंना वायर पट्टीने बांधून हलू दिली नाही तर तुटत नाही.

तारतम्य

वायर हलू द्यायची नाही, हे मान्य. साध्या पक्कडीने चेपलेल्या स्लीव्हपेक्षा डाग बरा, हेही मान्य. बाकी मतभेद कायम.

शांत_कृष्णा

जोड कुठलाही करा, आधी तांबं बघा. खत वाहणाऱ्या गाडीत युरिया-पोटॅशचं पाणी वायरच्या आवरणाच्या आत चढतं. टोक सोललं की तारा काळ्या किंवा हिरवट-निळ्या निघतात. काळ्या तारेला डागही धरत नाही आणि क्रिम्पही टिकत नाही. इंच-इंच मागे कापत जा, तांबं लालभडक चकचकीत दिसेपर्यंत. हातभर कापूनही काळंच येत असेल तर ती वायर टाकून द्या. पोती उतरली की हौदा आणि दिव्यांच्या मागची बाजू साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा मात्र कपलरवर मारू नका, रबरी सीलमधून पाणी आत जातं.

नवी वायर घेताना टोक ब्लेडने तिरकं कापून बघा. बाहेरून तांबूस आणि कापल्यावर आत पांढरी, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम. परत करा. उलट बाहेरून पांढरी आणि आत लाल असेल तर कथील चढवलेलं तांबं, ते उत्तम.

घाटातला_डिपर

तिसऱ्या तक्रारीकडे कुणी वळलंच नाही. खड्ड्यात फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी पॉझिटिव्ह वायर पत्र्याला घासते आहे. आधी हिशेब: पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेट असे पाच बल्ब प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे २५ वॅट, साधारण २ अँपिअर. डॅशबोर्ड धरून अडीच-तीन. १० अँपिअरचा फ्यूज त्याला भरपूर. तो उडतो म्हणजे शॉर्टच.

शोधायची रीत: पार्किंगचे सगळे बल्ब काढा, डॅशबोर्डचे काढणं जमत नसेल तर राहू द्या. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत २१ वॅटचा बल्ब जोडा. पार्किंग चालू करा. शॉर्ट नसेल तर बल्ब विझलेला किंवा डॅशबोर्डपुरता मंद. शॉर्ट असेल तर पूर्ण तेजाने पेटतो, पण काही जळत नाही, कारण बल्बच करंटला लगाम घालतो. आता एकाने बल्बकडे बघायचं, दुसऱ्याने गाडीखाली लूम (वायरींचा जुडगा) वीत-वीत हलवत मागे सरकायचं. ज्या जागी बल्ब झपकन तेजाळतो, तीच जागा. यात एकही फ्यूज खर्ची पडत नाही.

बघायच्या जागा: चेसिसच्या आडव्या पट्टीच्या भोकातून लूम जातो तिथलं रबर ग्रोमेट, स्टेपनीचा पाळणा, स्प्रिंगच्या पाट्यांच्या वरचा भाग, सायलेन्सरजवळ, आणि फाळक्याच्या बिजागरीपाशी नंबर प्लेटची वायर. फाळका रोज उघड-बंद होतो, ती वायर तिथेच मोडते.

दुरून_डोंगर

फ्यूजच्या जागी तंबाखूच्या पुडीची चांदी लावली तर फ्यूज कधीच उडत नाही. माहितीसाठी.

घाटातला_डिपर

बरोबर. फ्यूज उडत नाही, गाडी उडते.

हसण्यावारी नेऊ नका मंडळी, १० च्या जागी ३० चा हिरवा टाकणंही त्याच जातीचं. रंग पाठ ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. ०.५ किंवा ०.७५ चौ. मिमीच्या वायरवर ३० चा फ्यूज म्हणजे आधी वायरच जळणार, आणि बरोबर लूममधल्या शेजारच्या दहा वायरी.

बेदाणा_एक्स्प्रेस

उंदीर विसरलात. शेडमध्ये बेदाणा, गूळ किंवा धान्य असेल तर बॅटरीच्या बाजूचा लूम कुरतडलेला सापडतो. तिथे तार उघडी पडते, पण खड्डा येईपर्यंत टेकत नाही.

ओहमचा_भाचा

डिपर यांची युक्ती मस्त. मागचं काम सुरू आहे तोवर चौथी तक्रार घेऊ. वाढेवाले, इंजिन चालू, हेडलाइट लो बीमवर, थोडा रेस. तीन आकडे द्या: बॅटरीच्या दोन खांबांवर किती, बल्बच्या कपलरवर मागून काड्या घालून किती, आणि बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत किती. कपलर काढून मोजू नका, लोड नसेल तर आकडा सुंदरच येणार.

वाढेवाला_कराड

नवी अर्थ चेसिसवर बसवली. डावा होल्डर आता ०.०८. ब्रेकला इंडिकेटर लागत नाही, वेगही दोन्ही बाजूंना सारखा. १ आणि २ निकालात.

फ्यूजचा बल्ब लावून हलवलं तर स्टेपनीच्या पाळण्यापाशी तेजाळला. ग्रोमेट गळून गेलंय, नंबर प्लेटच्या वायरचं आवरण भोकाच्या काठावर अर्धा इंच सोललेलं. वायर बदलून नवं ग्रोमेट घालतोय.

हेडलाइट: बॅटरी १४.१, कपलर १२.०, अर्थ बाजूला ०.५.

तारतम्य

१४.१ म्हणजे चार्जिंग ठीक. १३.८ ते १४.४ मध्ये असावं. १४.८ च्या वर गेलं असतं तर बल्ब लवकर उडाले असते आणि मग रेग्युलेटर बघावा लागला असता.

ओहमचा_भाचा

२.१ व्होल्ट वाटेत गळतात. ०.५ अर्थमध्ये, १.६ पॉझिटिव्हमध्ये. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १४.१ ऐवजी १२ मिळाले तर प्रकाश उरतो सुमारे ५८ टक्के. पिवळट दिसतं ते याच्यामुळेच, बल्ब नवे असोत की जुने.

दोन लो बीम ५५ वॅटचे, म्हणजे सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. एवढा करंट बॅटरीपासून फ्यूज बॉक्स, तिथून हेडलाइट स्विच, तिथून डिपर स्विच, आणि मग पुढे येतो. वाटेतला प्रत्येक जुना संपर्क आपला वाटा खातो. उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच.

लो आणि हायसाठी प्रत्येकी एक ४० अँपिअरचा रिले. चार पिना: ३० ला बॅटरीकडून २.५ चौ. मिमी, बॅटरीपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज. ८७ मधून दोन्ही बल्बांना. ८६ ला जुन्या कपलरमधली लो किंवा हायची वायर, ८५ अर्थला. जुन्या स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी. बल्बची अर्थही नवी, २.५ चीच, थेट बॅटरी निगेटिव्ह किंवा चेसिसला.

पण जोडायच्या आधी एक तपासणी. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थ बाजूला असतो: कपलरच्या सामाईक पिनेवर कायम पॉझिटिव्ह, आणि स्विच लो-हायला अर्थ देतो. मीटरने आधी सामाईक पीन कुठली ते बघा. अर्थ बाजूची असेल तर ८६ सामाईक पॉझिटिव्हला आणि ८५ लो-हायच्या वायरला.

घाटातला_डिपर

रिले तोंड खाली करून बसवा, पिना जमिनीकडे. नाहीतर पाणी होल्डरमध्ये साचतं. कुंभार्ली घाटातला एक पावसाळा पुरे होतो.

मिरज_जंक्शन

एवढं सगळं करण्यापेक्षा एलईडी बल्ब टाकले तर? करंट कमी, वायर जुनी चालेल.

तारतम्य

हेडलाइटमध्ये नको. एच४ (हेडलाइटचा हॅलोजन बल्ब) चा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप्स त्या जागी त्या आकारात नसतात, मग लो बीमची वरची कड फुटते आणि समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश जातो. आपल्याला पांढरं दिसतं, रस्ता उजळतोच असं नाही.

१००/९० वॅटचे बल्बही नकोत. दोन लो मिळून १५ अँपिअर, जुना स्विच वितळतो आणि रिफ्लेक्टरची कलई करपते. ६०/५५ च ठेवा.

चिमटा_आणि_पक्कड

मागच्या इंडिकेटरला एलईडी टाकली तर परत वेगात मारायला लागेल, कारण करंट कमी. त्याला लोक ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर जोडतात. तो लागल्यावर २४ वॅट ओकतो, प्लास्टिकला टेकला तर वितळवतो. त्यापेक्षा एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवा, काम संपलं.

शांत_कृष्णा

अवांतर पण महत्त्वाचं. हौद्याला कधी वेल्डिंग करायला लावाल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरचे कपलर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप वेल्डिंगच्या जागेशेजारीच लावायला सांगा. क्लिप चेसिसला आणि वेल्डिंग हौद्यावर असलं, तर तो सगळा करंट तुमच्या दिव्यांच्या पातळ काळ्या वायरींमधून जायला बघतो. वायरी आतल्या आत भाजतात.

मिरज_जंक्शन

हे बॉडीवाल्याच्या दारावर लिहा.

वाढेवाला_कराड

रिले बसले. स्विच पॉझिटिव्ह बाजूचाच निघाला. आता कपलरवर १३.६. फ्यूज बॉक्सला हात लावायची गरज पडली नाही, कॉम्बिनेशन स्विचही जुनाच.

फिटनेससाठी आणखी काय बघू? आणि हेडलाइटची उंची घरी लावता येते का?

घाटातला_डिपर

आठ वर्षांवरची मालवाहू गाडी म्हणजे दरवर्षी फिटनेस, तेव्हा एकदाच नीट करून ठेवा. लो, हाय, चारही इंडिकेटर, हजार्ड, ब्रेक, पार्किंग, रिव्हर्स, नंबर प्लेट. दिव्यांच्या काचा फुटलेल्या नकोत, लाल काचेवर चिकटपट्टी नको. तारतम्य यांनी सांगितलेली टेप.

उंची: सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, नेहमीच्या मालाचं वजन हौद्यात. भिंतीपासून १० मीटरवर गाडी. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ, तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. लो बीमची वरची कड खालच्या रेघेवर यायला हवी. मोकळ्या गाडीवर लावलीत तर माल भरल्यावर नाक वर जातं आणि घाटात समोरचे सगळे तुम्हाला डिपर मारत बसतील.

वाढेवाला_कराड

रिव्हर्सची लाइट लागत नाही, आत्ता बघितलं. बल्ब चांगला आहे.

चिमटा_आणि_पक्कड

गिअरबॉक्सवर रिव्हर्सचा स्विच असतो, दोन वायरींचा. इग्निशन चालू, इंजिन बंद. कपलर काढून त्या दोन वायरी एका तुकड्याने जोडा. लाइट लागली तर स्विच गेला. नाही लागली तर फ्यूज आणि पुढची वायर. आणि स्विच बदलताना खालचं वॉशर नवं घ्या, नाहीतर तिथून गिअर ऑइल पाझरतं.

वाढेवाला_कराड

जोडल्यावर लागली. स्विच आणतो.